दोन ओळींच्या मधलं गणित

ताई, तुमचा प्रश्न मी एकदा वाचला आणि वहीच्या पानाचा फोटो चार वेळा पाहिला. तुम्ही म्हणता, मुलगा दहावीत आहे. सोडवलेलं उदाहरण वाचलं की त्याला सगळं कळतं, पण कोरा कागद समोर आला की पहिली ओळच सुचत नाही. शाब्दिक उदाहरण दिसलं की पान उलटतो. क्लासमध्ये सांगतात, स्टेप्स पाठ कर, स्टेपला मार्क असतात. नेहमी येणारी उदाहरणं पायरीपायरीने घरी कशी करून घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवलं. आता निवृत्त आहे, तरी संध्याकाळी गच्चीवर पाचसहा मुलं येतातच, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आया हेच सांगतात.

गाइडमध्ये छापतात त्या फक्त ओळी. एका ओळीवरून दुसरीवर जाताना काय केलं, आणि ते करायला परवानगी कुठून मिळाली, हे कोणी छापत नाही. खरं गणित नेमकं त्या मधल्या जागेत होतं. तुमचा मुलगा ओळी वाचतो, मधली जागा वाचत नाही, म्हणून कोऱ्या कागदावर अडतो. पाठांतराने हे आणखी बिघडेल.

फोटोतलंच दुसरं उदाहरण घेऊ.

५ − २(क्ष − ३) = ३क्ष + १

त्याने पुढे लिहिलंय:

५ − २क्ष − ६ = ३क्ष + १
−५क्ष = २
क्ष = २/५

इथे दोन चुका आहेत आणि दोन्ही मधल्या जागेतल्या. कंस सोडवताना उणे दोनने आतल्या उणे तीनला गुणलं तर अधिक सहा येतात, त्याने उणे सहा लिहिले. शेवटच्या ओळीत उणे पाचने भागायचं होतं, तिथे उणे गिळला गेला. दोन्ही ठिकाणी हात पुढे गेला आणि डोकं मागे राहिलं. नीट केलं तर असं होतं:

५ − २क्ष + ६ = ३क्ष + १ (कंसातल्या दोन्ही पदांना −२ ने गुणलं)
११ − २क्ष = ३क्ष + १ (५ आणि ६ एकत्र केले)
११ = ५क्ष + १ (दोन्ही बाजूंत २क्ष मिळवले)
१० = ५क्ष (दोन्ही बाजूंतून १ वजा केला)
क्ष = २ (दोन्ही बाजूंना ५ ने भागलं)

मग पडताळा. क्ष च्या जागी २ घातले की डावीकडे ५ − २(−१) = ७, उजवीकडे ६ + १ = ७. जमलं. त्याचे २/५ घालून बघा: डावीकडे १०.२ येतात आणि उजवीकडे २.२. म्हणजे अर्ध्या मिनिटात त्याची चूक त्यालाच सापडली असती, मला फोटो पाठवायची गरजच नव्हती.

कंसातली ती कारणं मी प्रत्येक मुलाकडून लिहून घेते. वहीच्या उजव्या बाजूला उभी रेघ मारायची आणि तिच्यापलीकडे दर ओळीला 'काय केलं' ते चार शब्दांत. पहिले आठ दिवस मुलं कुरकुरतात. 'काकू, यात टाइम जातो.' जातो, जाऊ दे. महिन्याभराने लिहायची गरज उरत नाही, मनात आपोआप म्हटलं जातं.

ही सवय मला एका मुलीने लावली. नवीन होते तेव्हा मीही 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हेच घोकून घ्यायची. फळ्यावर ३क्ष = १२ होतं. ती उठली आणि म्हणाली, तीन पलीकडे गेला, मग उणे तीन का नाही झाला? मला उत्तर येत होतं, पण माझ्या नियमात ते बसत नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडे पहिले दोन महिने 'पलीकडे नेणं' हे शब्द बंद. दाल बाजारातला जुना तराजू डोळ्यांपुढे आणायचा: एका पारड्यातून जे काढाल ते दुसऱ्यातूनही काढा, एकाचे तीन सारखे भाग कराल तर दुसऱ्याचेही करा. तीन बेरजेत असेल तर वजा करून जातो, गुणाकारात असेल तर भागून जातो. पलीकडे कोणीच उडी मारत नाही.

शेकडेवारीचं फार लांबवत नाही, कारण तिथे एकच प्रश्न विचारायचा असतो: शेकडा कशाचा? हिवाळ्यात ५०० रुपये किलोच्या गजकचा (तिळाच्या मिठाईचा) भाव २० टक्क्यांनी वाढला, संक्रांत झाल्यावर २० टक्क्यांनी उतरला. मुलं म्हणतात, झाला पुन्हा ५००. वाढ ५०० ची, म्हणून ६००. उतार ६०० चा, म्हणून १२० कमी, ४८०. याचाच दुसरा भाऊ जास्त घात करतो: १८ टक्के कर धरून बिल ११८० झालं, मूळ किंमत काढा. दहातली सात मुलं ११८० चे १८ टक्के काढून वजा करतात आणि ९६७.६० लिहितात. कर मूळ किमतीवर लागला होता, बिलावर नाही. मूळ किंमत १०० धरली तर बिल ११८. म्हणून ११८० ला ११८ ने भागून १०० ने गुणायचं, १०००. 'कशाचा' हा शब्द त्याने पेन्सिलीने उदाहरणातच लिहावा, टक्क्याच्या खुणेच्या डोक्यावर.

आता वर्गसमीकरण. यासाठी माझं लाडकं उदाहरण आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या वाटेवरच आहे. ग्वाल्हेर दरवाजाकडून हाथी पोळच्या बाजूने चढताना एका सबंध खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. आतल्या शिलालेखात संवत ९३३ चं, म्हणजे इ.स. ८७६ चं एक दान आहे: देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन, आणि देवाला रोज ५० हार. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे. ते बघायला कुठून कुठून गणिताची माणसं येतात, आणि आपली पोरं त्याच्या शेजारून सेल्फी काढत मान मंदिर राजवाड्याकडे पळतात. एका रविवारी मी मुलांना तिथे नेलं आणि उतरल्यावर हे उदाहरण घातलं:

आयताकृती बागेची परिमिती ९१४ हात आणि क्षेत्रफळ ५०,४९० चौरस हात आहे. लांबी आणि रुंदी काढा.

मुलं लगेच सूत्र शोधायला लागतात. थांबवायचं. आधी क्ष ला नाव आणि एकक द्यायचं, पूर्ण वाक्यात: 'समजा, बागेची लांबी क्ष हात आहे.' हे वाक्य फुकटचं वाटतं, पण पहिली ओळ सुचत नाही म्हणणाऱ्याची पहिली ओळ हीच असते. 'समजा क्ष = लांबी' असं तुकड्यात लिहिलेलं मला चालत नाही. मग परिमिती. परिमितीत लांबी दोनदा आणि रुंदी दोनदा येते, म्हणून लांबी अधिक रुंदी ४५७. म्हणजे रुंदी (४५७ − क्ष) हात. आता उरलेली माहिती, क्षेत्रफळ:

क्ष(४५७ − क्ष) = ५०४९०
क्ष² − ४५७क्ष + ५०४९० = ०

इथून पुढे वर्गातली निम्मी मुलं असे दोन अवयव शोधायला बसतात, ज्यांचा गुणाकार ५०४९० आणि बेरीज ४५७. दहा मिनिटं जातात आणि घाम येतो. माझा नियम सरळ आहे: मधलं पद दोन मिनिटांत फुटलं नाही तर सूत्र. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या, काढू:

४५७² − ४ × ५०४९० = २०८८४९ − २०१९६० = ६८८९

६८८९ चं वर्गमूळ कसं काढायचं? ८० चा वर्ग ६४००, ९० चा ८१००, म्हणजे मूळ मधलं. शेवटचा अंक ९, म्हणून ८३ किंवा ८७. संख्या ६४०० ला जवळ, आधी ८३ करून बघा. ८३ × ८३ = ६८८९.

क्ष = (४५७ ± ८३) ÷ २, म्हणजे २७० किंवा १८७.

दोन उत्तरं आली की मुलं बिचकतात आणि एक खोडून टाकतात. खोडू नका. आपण क्ष ला लांबी म्हटलं, पण समीकरणाला ते ठाऊक नाही. त्याला फक्त एवढंच माहीत आहे की क्ष आणि त्याचा जोडीदार मिळून ४५७ होतात. म्हणून ते दोघांचीही नावं सांगतं. मोठी ती लांबी, २७० हात. दुसरी रुंदी, १८७ हात. आणि ते ८३ कोण, हे कोणीच विचारत नाही. २७० मधून १८७ वजा करून बघा. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट काढली की फरकाचा वर्ग उरतो. विवेचक म्हणजे दोन मुळांमधल्या फरकाचा वर्ग (क्ष² चा सहगुणक १ असेल तेव्हा). तो शून्य आला तर फरकच नाही, दोन्ही मुळं सारखी. 'विवेचक शून्य असेल तर मुळं समान' हे वाक्य मुलं वर्षभर घोकतात, इथे ते डोळ्यांनी दिसतं.

उत्तराच्या शहाणपणाकडेही बघून घ्यावं. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर बाग चारशे पाच फूट लांब आणि दोनशे ऐंशी फूट रुंद, अडीच एकरांहून थोडी जास्त. रोज पन्नास हारांना फुलं पुरवायला एवढी जमीन लागेल असं वाटतं, नाही का? उत्तर २७,००० हात आलं असतं तर पन्नास हारांसाठी अख्खं शहर फुलांनी भरावं लागलं असतं, आणि चूक कुठेतरी झाली आहे हे पडताळा न करताच कळलं असतं.

सूत्र कुठून येतं, तेही एकदा त्याच्याकडून करून घ्या, पाठ करून नको. आपल्याकडे हिंदी माध्यमाची मुलं त्याला 'श्रीधराचार्य सूत्र' म्हणतात आणि ते नाव रास्त आहे. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही, पण त्यांची रीत भास्कराचार्यांनी नाव घेऊन सांगितली म्हणून आपल्यापर्यंत आली. रीत अशी की दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं आणि मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा:

अक्ष² + बक्ष = −क
४अ²क्ष² + ४अबक्ष = −४अक
(२अक्ष + ब)² = ब² − ४अक

अपूर्णांक मध्ये कुठेही आला नाही. पुस्तकांत बऱ्याचदा आधी अ ने भागून मग पूर्ण वर्ग करतात, तिथे ब/२अ चा वर्ग करताना मुलं हमखास घसरतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची रीत मला अजूनही जास्त स्वच्छ वाटते. शेवटी वर्गमूळ घेतलं की अधिक-उणे दोन्ही, तेवढं विसरू नये.

शून्याचा विषय निघालाच आहे तर फोटोतलं पाचवं उदाहरणही उरकू. क्ष² = ५क्ष. त्याने दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं आणि क्ष = ५ लिहिलं. एक मार्क गेला, कारण क्ष = ० हेही उत्तर आहे आणि ते भागाकारात बुडालं. क्ष शून्य असू शकत असेल तर त्याने भागायची परवानगी नाही. सगळं एका बाजूला आणायचं, क्ष(क्ष − ५) = ०, आणि दोघांपैकी एक शून्य असलाच पाहिजे असं म्हणायचं. त्याला फार रागवू नका. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये शून्याचे बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लखलखीत लिहिले, पण शून्याला शून्याने भागलं तर शून्य, असं तेही लिहून गेले. ही जागा निसरडी आहे ती पूर्वापार.

शाब्दिक उदाहरणांत वेगाचं उदाहरण येणार हे धरूनच चालायचं. माझं नेहमीचं:

ग्वाल्हेर ते आग्रा अंतर १२० किलोमीटर धरा. एक बस ठरावीक वेगाने जाते. वेग ताशी २० किलोमीटरने जास्त असता तर एक तास लवकर पोचली असती. बसचा वेग किती?

उदाहरण वाचून झालं की सोडवू नका, तक्ता मांडा. दोन आडव्या ओळी: एक खऱ्या प्रवासाची, एक 'असता तर' वाल्या प्रवासाची. तीन उभे रकाने: अंतर, वेग, वेळ. जे दिलंय ते भरायचं. अंतर दोन्हीकडे १२०. वेग वर क्ष, खाली क्ष + २०. वेळेचा रकाना दिलेला नाही, म्हणून तो अंतर भागिले वेग असा आपण भरायचा: वर १२०/क्ष, खाली १२०/(क्ष + २०). एवढं झालं की उदाहरणात एकच वाक्य न वापरलेलं उरतं: 'एक तास लवकर'. तेच समीकरण.

१२०/क्ष − १२०/(क्ष + २०) = १

कोणातून कोण वजा करायचं, यावर दर वर्षी भांडण होतं. हळू जाणाऱ्याला वेळ जास्त लागतो, जास्तातून कमी वजा. दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + २०) ने गुणू. वेग शून्य नाही हे माहीत असल्याने इथे परवानगी आहे.

१२०(क्ष + २०) − १२०क्ष = क्ष² + २०क्ष
२४०० = क्ष² + २०क्ष
क्ष² + २०क्ष − २४०० = ०
(क्ष + ६०)(क्ष − ४०) = ०

क्ष = ४० किंवा −६०. वेग उणे नसतो, म्हणून ताशी ४० किलोमीटर. पडताळा समीकरणात नाही, गोष्टीत करायचा: ताशी ४० ने तीन तास, ताशी ६० ने दोन तास, फरक एक तास. समीकरणात पडताळा केला तर मांडणीच चुकलेली असली तरी तो जमतो, ही गोम लक्षात ठेवा.

त्या −६० कडे मात्र मी नेहमी मुलांचं लक्ष वेधते. ते निव्वळ कचरा म्हणून आलेलं नाही. चिन्ह पुसलं तर ६०, म्हणजे तो दुसराच वेग, जो आपण मागितला नव्हता. बागेत जसे दोघंही भेटले तसेच इथेही, फक्त एक उलट्या तोंडाने. परीक्षेत यातलं काही लिहायचं नाही. 'वेग ऋण असू शकत नाही' एवढंच लिहायचं, पण ते लिहायचंच. नुसतं −६० खोडलं तर कारणाचा मार्क जातो.

याच आकड्यांवर एक छोटा सापळा: जाताना ताशी ६०, येताना ताशी ४०, तर सरासरी वेग? सगळा वर्ग एका सुरात पन्नास म्हणतो. एकूण अंतर २४०, एकूण वेळ २ + ३ = ५ तास, सरासरी ४८. हळू चालण्यात वेळ जास्त गेला, म्हणून सरासरी हळूच्या बाजूला झुकली.

उंची आणि अंतरं यांचं प्रकरण तुम्ही वेगळं विचारलंय. तिथे मुलांचं टॅन-साइन क्वचित चुकतं, बहुतेक वेळा चित्रच चुकलेलं असतं. हे बघा:

सपाट जमिनीवरून कड्याच्या टोकाचा उन्नत कोन ३०° दिसतो. कड्याकडे ७३.२ मीटर चालत गेल्यावर तो ४५° होतो. कड्याची उंची किती? (√३ = १.७३२ घ्या.)

मुलं घाईने एक काटकोन त्रिकोण काढतात, पायावर ७३.२ लिहितात आणि टॅन ३०° लावून ४२ मीटर काढून मोकळी होतात. पण ७३.२ हा कुठल्याच त्रिकोणाचा पाया नाही. तो दोन पायांमधला फरक आहे. चित्रात कडा एक, माणसं दोन, त्रिकोण दोन, एकात एक. लांबचा माणूस लहान कोनाचा. हे पाठ करायला नको: संध्याकाळी गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवायला सांगा, मग तिच्याकडे चालत जायला सांगा. हात आपोआप वर उचलला जातो.

उंची उ मीटर. जवळच्या जागेपासून कोन ४५°, म्हणून जवळचं अंतरही उ. लांबचं अंतर उ + ७३.२. मोठ्या त्रिकोणात:

उ/(उ + ७३.२) = टॅन ३०° = १/√३
√३ उ = उ + ७३.२
(१.७३२ − १) उ = ७३.२
उ = ७३.२/०.७३२ = १००

कडा शंभर मीटर. आपल्या किल्ल्याची टेकडीही गावापासून साधारण तेवढीच उंच आहे. मुलांना हे कळलं की ती खिडकीतून पुन्हा एकदा बाहेर बघतात. टॅन ३०° म्हणजे √३ की १/√३, हा गोंधळ असेल तर प्रत्येक बाजू २ असलेला समभुज त्रिकोण काढून मधून उभा चिरावा. पाया १, उंची √३, तळाचा कोन ६०°, माथ्याचा ३०°. ३०° च्या समोर १, शेजारी √३. तक्ता हरवला तरी हा चिरलेला त्रिकोण दोन मिनिटांत काढता येतो. आणि घरात कोनमापक, दोरा आणि एखादा नट असेल तर ओळंबा करून खरोखर कोन मोजा. येणाऱ्या उंचीत डोळ्यापर्यंतची आपली उंची मिळवायला मुलं विसरतात, आणि पुस्तकातल्या 'निरीक्षकाची उंची १.५ मीटर' या वाक्याचा अर्थ त्यांना तेव्हा लागतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ती असतेच. शाळेत 'उन्नयन कोण', 'गुणनखंड', 'भिन्न'. घरी आजी म्हणते उन्नत कोन, अवयव, अपूर्णांक. आणि क्लासच्या नोट्स इंग्रजीत. माझ्याकडचा एक मुलगा 'भिन्न जोडो' हे वाचून दोन वेगळ्या संख्यांची बेरीज करत होता, कारण घरच्या भाषेत भिन्न म्हणजे वेगळं. तेव्हा उदाहरण कळलं नाही म्हणाला तर आधी शब्द विचारा, गणित नंतर. आणि पाऊणकी, दीडकी, औटकी (पाऊण, दीड, साडेतीन यांचे पाढे) म्हणणारी आजी घरात असेल तर तिला कामाला लावा. 'सोळा पाऊणे बारा' जिभेवर असलेल्या मुलाला ३/४ × १६ साठी कागद लागत नाही.

सोडवलेलं उदाहरण वाचायची रीत बदला. गाइडवर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवायचा. प्रश्न वाचायचा, पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचा, थांबायचं, पुढची ओळ काय असेल ते तोंडाने म्हणायचं, मग सरकवायचा. म्हटलेलं आणि छापलेलं जिथे जुळलं नाही, तिथे खूण. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर, गाइड दुसऱ्या खोलीत. अशी दिवसाला तीन उदाहरणं पुरेत. क्लासवाले चाळीस देतात. चाळीस उतरवून काढण्यापेक्षा तीन स्वतः सोडवलेली मला चालतात. शंका आली की लहान आकडे घालून बघायची सवयही लावा. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं तो एका ठिकाणी लिहून गेलाय. ३ आणि ४ घालून बघायला सांगा: एकीकडे ४९, एकीकडे २५. त्या मधल्या २४ ला शोधायला तो स्वतःच निघेल.

एक राहिलं. फोटोच्या तळाशी त्याने एक उदाहरण आडव्या-उभ्या रेघांनी खोडलंय, इतकं की कागद फाटलाय. २(क्ष + १) + क्ष = ९, आणि खाली क्ष = ७/३. बहुधा उत्तर 'सुटसुटीत' आलं नाही म्हणून चुकलं असं त्याला वाटलं. ७/३ मध्ये १ मिळवला की १०/३, त्याची दुप्पट २०/३, त्यात ७/३ मिळवले की २७/३, म्हणजे ९. त्याचं बरोबर होतं ताई. आज जेवायला बसाल तेव्हा तेवढं त्याला सांगा.